हरवायला सोपं शहर

गव्हाचे दिवस आले की देवासच्या हवेत भुसा तरंगायला लागतो. महामार्गावरून पंजाबकडची कापणीयंत्रं एकामागून एक जाताना दिसतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भुशाचे कण चमकतात, घसा खवखवतो, धुतलेल्या कपड्यांना शेताचा वास लागतो. दम्याची माणसं खिडक्या लावून घेतात आणि बाकीची गच्चीवर चढतात, कारण गच्चीवर गहू वाळत असतात.

आमच्याकडे माळव्यात वर्षाचे गहू भरणं हे लग्नकार्याच्या खालोखालचं काम. पोती आणायची, गहू चाळायचे, निवडायचे, उन्हं द्यायची, एरंडेलाचा हात फिरवायचा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी बंद करायची. आता पिशवीतलं पीठ मिळतं, कशाला हा उपद्व्याप, असं नवी मंडळी म्हणतात. ज्यानं घरच्या गव्हाची पोळी खाल्लेली नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

परवा रामसिंग पोती घेऊन आला. आमचे गहू वर्षानुवर्षं त्याच्याच शेतातून येतात. माझी बायको, कुमुद, ओट्यावर बसली होती. त्यानं मूठभर गहू तिच्या तळहातावर ठेवले. "माँसाब, देखी लो. अबके दाणो घणो चोखो आयो है." तिनं एक दाणा उचलून दाताखाली धरला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "अभी गीला है, भिया. दो दिन धूप दिखाओ, फिर तोलना." रामसिंग ओशाळून हसला. दाणा खरंच ओलसर होता. पोती उतरवून घ्यायला मी पुढे झालो, तशी ती माझ्याकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, हे घर कुणाचं? आपल्याला इथे किती दिवस राहायचंय?"

गेली काही वर्षं हे असं चाललं आहे. आधी वस्तू हरवल्या, मग रस्ते, आता घर. इंदूरच्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं, की बहुतेक वेळा ठिकाणं आधी जातात, माणसं त्यानंतर. तेव्हापासून रोज सकाळी तिच्यापुढे चहाचा कप ठेवताना माझा सगळा जीव कानात गोळा होतो. ती "अहो" म्हणाली की मी सुटतो. तिनं घर ओळखलं नाही तरी चालेल, देवास गेलं तरी चालेल, तिचं माहेरचं धार गेलं तरी चालेल. मला ओळखायला हवं, एवढाच माझा हट्ट आहे, आणि तो कुणापुढे धरायचा हे मला कळत नाही.

गव्हाच्या दिवसांत मला सिंगापूर आठवतं, असं सांगितलं तर कुणालाही हसू येईल. त्या गावात गव्हाचं एक रोप नाही. पण आमचं जाणं गव्हामुळेच लांबत होतं आणि शेवटी गहू भरूनच आम्ही गेलो. आमची एकुलती मुलगी अनघा नोकरीसाठी तिकडे राहायला गेली, तेव्हापासून तिचा फोनवर एकच धोशा होता. "बाबा, दर वर्षी काय गहू गहू करून राहिले तुम्ही? गहू काय पळून जाऊन राहिले का?" कुमुद पलीकडून सांगायची, "कोठी भरल्याशिवाय मी हलायची नाही." शेवटी एका वर्षी कोठी लवकर भरली. तिनं झाकणाला कुंकवाचं बोट लावलं, दाराला कुलूप घातलं, कुलूप ओढून पाहिलं, आणि आम्ही दोघं जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो. विमान वर चढताना तिनं माझा हात धरला नाही. मी तिचा धरला होता.

नव्या गावाला घाबरणारी बाई ती नव्हेच. मी वीज खात्यात होतो, बदल्या पाचवीला पुजलेल्या. कुक्षी, कन्नोद, उदयनगर, मग पुन्हा धारच्या बाजूला. नव्या गावात मी ऑफिस ते घर एवढाच रस्ता शिकायचो आणि पुढची बदली होईपर्यंत तेवढाच वापरायचो. कुमुदची रीत निराळी होती. सामान सोडायच्या आधी ती एका डब्यात गहू घ्यायची आणि चक्की शोधत निघायची. चक्कीवर सगळं गाव भेटतं, असं तिचं म्हणणं. दळण होईपर्यंत दूध कुणाचं चांगलं, गोडं पाणी कुठल्या विहिरीला, कुठल्या सासूचं सुनेशी पटत नाही, हे सगळं तिला कळलेलं असायचं. कुक्षीच्या बाजारातल्या बायकांची बोली तिला सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हती, तरी पहिल्याच दिवशी ती गरम पीठ आणि एक मैत्रीण घेऊन घरी आली. डब्याच्या कडेनं तिच्या पदराला पीठ लागलेलं असायचं. वाट ती कधी चुकली नाही. चुकायचो मी, आणि उदयनगरच्या जंगलातल्या पायवाटांवरून ती मला बोलत बोलत घरी आणायची.

म्हणून सिंगापूरला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं अनघाला विचारलं, "इथे चक्की कुठे गं?"

"आई, इथे आटा पॅकेटमध्ये येतो. चक्की-विक्की मला तर कुठे दिसली नाही."

"मग बायका भेटतात कुठे?"

अनघा आणि जावई सकाळी निघायचे ते दिवे लागल्यावर परत यायचे. कुमुद खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ खाली बघत होती. सुरुवात कुठून करायची हे तिला न कळलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

अनघाचं घर एका उंच इमारतीत, बाराव्या मजल्यावर. तशाच इमारती, तिथे त्यांना ब्लॉक म्हणतात, डावीकडे, उजवीकडे, मागे. प्रत्येकीच्या अंगावर मोठा आकडा रंगवलेला, एवढाच काय तो फरक. खिडक्यांतून बांबू बाहेर काढून त्यांवर कपडे वाळत घातलेले. तळमजला मोकळा, नुसते खांब, आणि तिथे दगडी टेबलांभोवती म्हातारी चिनी माणसं पट मांडून बसलेली. ऊन आमच्यासारखं कडक नाही, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायची. रस्त्यांवर दुतर्फा मोठी झाडं, त्यांच्या फांद्यांवर नेचे उगवलेले, खाली चाफ्याचा सडा. आणि पहाटे कोकिळा. तिच्या आवाजानं मी अंथरुणात उठून बसलो होतो. समुद्र ओलांडून इतक्या लांब आलो, आणि आमचा चैत्र आमच्या आधीच तिथे येऊन बसला होता.

मुलं कामावर गेली की आम्ही दोघं निघायचो. अनघानं गाडीची कार्डं गळ्यात अडकवून दिली होती, शाळेतल्या पोरांसारखी. कुमुदच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि चिवडा. जमिनीखालच्या गाडीची दारं मिटली की चार भाषांत काहीतरी सांगितलं जायचं. त्यातली इंग्रजी मला येते, पण तिथल्या वेगानं येत नाही. सरकत्या जिन्यासमोर आम्ही दोघं नदीच्या उतारापाशी थांबल्यासारखे थांबायचो. मग ती साडीच्या निऱ्या उचलून धरायची, मी "आता" म्हणायचो, आणि आम्ही एकदम पाय टाकायचो. वर पोचलो की दोघांनाही उगाच पराक्रम केल्यासारखं वाटायचं.

आणि आम्ही हरवायचो. रोज हरवायचो. उलट दिशेच्या गाडीत बसायचो. स्टेशनातून वर यायचे दरवाजे इतके, की प्रत्येक वेळी भलत्याच रस्त्यावर उगवायचो. मी म्हणायचो डावीकडे, ती म्हणायची उजवीकडे, आणि रस्ता निघायचा मागच्या बाजूला. कुमुद सवयीनं कुणालाही थांबवायची. "भिया, ये टेसन किधर पड़ेगा?" समोरचा चिनी गृहस्थ अदबीनं सगळं ऐकून घ्यायचा आणि हातानं कुठेतरी दाखवायचा. त्याला काय समजलं आणि आम्हाला काय समजलं, देव जाणे, पण आम्ही त्या दिशेनं चालू लागायचो. असेच एकदा एका शाळेच्या आवारात शिरलो. एकदा एका मोठ्या बाजाराखाली गाड्या ठेवायच्या तळघरात गेलो आणि काही केल्या बाहेर पडता येईना. जिथे वळावं तिथे गाड्या. तिथे कुमुदला हसू फुटलं. खांबाला टेकून, तोंडाला पदर लावून ती हसत राहिली. "अहो, जन्मभर तुम्हाला मी घरी आणलं. आता दोघांना कोण आणणार?"

मीही हसलो. आमच्या लग्नानंतर इतके आम्ही एकत्र हसल्याचं मला आठवत नाही. माळव्यात आम्हाला हसायला सवड कमी होती असं नाही, पण तिथे आमच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

तिथल्या खाण्याच्या बाजारात मी एक गंमत पाहिली. मोठ्या मांडवासारखं छप्पर, कडेनं खाद्यपदार्थांची दुकानं, मध्ये टेबलं, आणि पायांत येऊन सांडलेलं टिपणाऱ्या साळुंक्या. दुपारी टेकायला जागा मिळत नाही अशी गर्दी. तरी काही टेबलं रिकामी होती, आणि त्यांवर कागदी रुमालांची एकेक पुडी ठेवलेली. लोक यायचे, पुडी बघायचे आणि मुकाट्यानं पुढे जायचे. मला आधी उमगेना. उमगलं तेव्हा मी कुमुदचा दंडच धरला. "अगं, ही तर आपली धारची बस!"

आमच्या तरुणपणी धारच्या स्टँडवर बस पुरती थांबायच्या आत लोक खिडकीतून रुमाल आत टाकायचे. ज्याचा रुमाल त्याची सीट. भांडणं व्हायची, पण बहुतेक वेळा रुमालाचा मान राखला जायचा. नव्या लग्नात कुमुदला माहेराहून आणताना मी बसमागे धावून रुमाल टाकायचो, तिला आधी चढवायचो आणि सांगायचो, "तू जागा धर, मी आलोच." पुढे हे वाक्य आमच्या संसारात पडूनच गेलं. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, मांडूला गेल्यावर ढाब्याच्या खाटेवर, सगळीकडे तेच. ती जागा धरून बसली की मी परत येईपर्यंत हलत नसे. तहसीलदार येऊन उभा राहिला तरी उठत नसे.

मी खिशातून माझा धुवट रुमाल काढला, ऐटीत त्या परक्या टेबलावर पसरला आणि म्हटलं, "बस. तू जागा धर, मी आलोच." मग दुकानादुकानांतून शाकाहारी काय आहे विचारत फिरलो, आणि शेवटी एका तमिळ माणसाकडून डोसे घेतले. परत आलो तेव्हा रुमाल होता. कुमुद नव्हती.

हातातला ट्रे खाली ठेवावा हेसुद्धा मला सुचलं नाही. ट्रे धरूनच मी टेबलांमधून फिरत राहिलो, सांबार सदऱ्यावर सांडत राहिलं. बायकोला नावानं हाक मारायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि त्या गर्दीत नुसतं "अगं" म्हणून कोण वळणार? शेवटी मी "कुमुद" म्हणून ओरडलो. लग्नात घास देताना घेतलं होतं, त्यानंतर चारचौघांत ते नाव मी कधी घेतलंच नव्हतं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ती काही रांगा पलीकडे बसली होती. हात टेबलावर पालथे, पाठ ताठ, बसमध्ये बसायची तशीच. समोर दुसऱ्याच कुणाची तरी पुडी होती, आणि पुडीची मालकीण, एक चिनी म्हातारी, हातात गरम वाडगा घेऊन शेजारी उभी होती.

"किती वेळ," कुमुद मला म्हणाली. "मी केव्हाची जागा धरून बसलेय. ह्या बाई उठवून राहिल्या मला, पण मी नाही उठले."

हात धुवायला गेली असेल, येताना दुसऱ्या टेबलाशी बसली असेल. सगळी टेबलं सारखी, सगळ्या खुर्च्या सारख्या. त्या म्हातारीनंही रागावण्याऐवजी आमच्या शेजारीच बसून जेवण उरकलं आणि जाताना कुमुदच्या हातावर थोपटलं. संध्याकाळी हे ऐकून अनघा म्हणाली, "आई, अगं तिथे तर मीपण कन्फ्यूज होते. सगळं सेमच तर दिसतं." जावयानं त्याची स्वतःची फजिती सांगितली. त्याचं समाधान झालं, अनघाचं झालं, माझंही झालं. कुमुदला कुणी विचारलं नाही.

रविवारी अनघानं आम्हाला एका प्रचंड काचघरात नेलं. आत गारवा, देशोदेशीची झाडं, फुलांचा संमिश्र वास, आणि फोटो काढणारी माणसं. एका वळणावर कुमुद थबकली. फुगलेल्या बुंध्याचं, वर जेमतेम फांद्या असलेलं एक बेढब झाड होतं. "अगं बाई, ही तर मांडूची इमली." पाटीवर आफ्रिकेचं नाव होतं. अनघा ते वाचायला लागली, पण कुमुदला पाटीची गरज नव्हती. दुधीएवढं फळ येतं, आत पांढरा आंबट गर असतो, मांडूच्या रस्त्यावर बायका टोपलीत घेऊन बसतात, एक तुकडा तोंडात धरला की घाटात बस लागत नाही, असं ती हातवारे करून सांगत होती. शेजारी उभं असलेलं एक गुजराती जोडपंही ऐकायला थांबलं. तिचा चेहरा त्या वेळी धारच्या मुलीचा झाला होता. मला फार बरं वाटलं. नव्या गावाचं टोक तिला सापडलं, आता ती मला इथेही हिंडवणार, असं मनात आलं.

पुढे चालताना ती माझ्याजवळ सरकली. "एखादं फळ मिळालं तर घेऊ या हं. अण्णांना आवडतं."

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांच्या शेवटच्या आजारपणात धारला उशाशी बसलेली हीच होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती झाडाकडे वळून वळून बघत होती. "बघू," मी म्हणालो. बाहेर पाऊस आला होता. काचेच्या छपरावर तो वाजत होता आणि आतली झाडं कोरडी होती.

त्या दिवसांबद्दल मला त्या शहराचे आभार मानावेसे वाटतात. अनघा फोनवर हळूच विचारते, "बाबा, तिकडेच सुरू झालं होतं का ते?" मी म्हणतो, माहीत नाही. झालं असेलही. पण तिथे आम्ही दोघं सारखे होतो. ती चुकली तेवढाच मीही चुकलो होतो, तिला कळलं नाही ते मलाही कळलं नव्हतं. कुणी तिच्याकडे विशेष नजरेनं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. परक्या मुलखात आलेलं एक म्हातारं जोडपं, एवढंच आम्ही होतो. आमच्या संसारातले सगळ्यात हलके दिवस ते, आणि शेवटचे.

कारण मग आम्ही परत आलो. इंदूरहून टॅक्सी केली, ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. दिवेलागण व्हायची होती. देवीच्या टेकडीवरचे दिवे मात्र लागले होते. मी सामान उतरवून घेतलं, पैसे दिले, वळून पाहिलं तर कुमुद जागच्या जागी उभी. तिची नजर एका घरावरून दुसऱ्या घरावर फिरत होती.

"आपला ब्लॉक कुठला हो?"

मला वाटलं थट्टा करते आहे. मी हसलो. म्हटलं, "चला, लिफ्टनं जाऊ."

"लिफ्ट कुठे आहे?" तिनं विचारलं. खरंच विचारलं.

समोर आमचं दार होतं. पाडव्याला तिनंच बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण वाळून लोंबत होतं. शेजारच्या शर्माजींच्या सूनबाई बाहेर आल्या, "आ गए काकीसाब? हम तो रोज रस्ता देख रहे थे," म्हणत पायाशी वाकल्या. कुमुदनं तोंडभर आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे पाहिलं. ही कोण, असं ती मला डोळ्यांनी विचारत होती. सिंगापूरला मी शंभरदा गोंधळलो होतो, पण भीती वाटली ती त्या संध्याकाळी, माझ्या स्वतःच्या गल्लीत. इथे मी हरवू शकत नव्हतो. ती एकटीच हरवली होती.

मध्ये एकदा फार वाटलं, की परत तिकडेच जावं. तिथे मीसुद्धा काही ओळखणार नाही, पुन्हा दोघं सारखे होऊ. अनघा तयार होती, डॉक्टर नको म्हणाले. नव्या जागी त्रास वाढेल, आहे तिथेच ठेवा. मी त्यांना काय सांगणार? तिच्यासाठी आहे ती जागाच रोज नवी होती.

म्हणून मग देवासातच मी नवखा झालो. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही निघतो. सुरुवातीला मी तिला समजावत होतो, हा आपला रस्ता, हे आपलं किराणा दुकान, इथे अनघाची शाळा. ती कानकोंडी व्हायची, डोळे भरून यायचे. आता मी समजावत नाही. आता आम्ही गाव बघायला आलेलो असतो.

"हा डोंगर कसला हो?"

"माताजीची टेकडी म्हणतात. वर दोन देव्या आहेत. बहिणी."

"वा. आणि राजवाडा वगैरे?"

"दोन राजे होते म्हणे इथे. थोरली पाती, धाकटी पाती."

"एवढ्याशा गावात दोन राजे? मग भांडत असतील."

तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, नव्या सुनेला हेच सांगितलं होतं आणि तेव्हाही ती हेच म्हणाली होती. मी "असतील" म्हणतो. कधी पोहे-जिलेबी घेतो, कधी उसाचा रस. ती दुकानदाराशी गोड बोलते, निघताना म्हणते, माणसं चांगली आहेत हो इथली. तिच्यामुळे मलाही गाव दिसायला लागलं आहे. ज्या कडुनिंबाखालून मी जन्मभर गेलो त्याला इतका मोहर येतो, हे मला ठाऊक नव्हतं. ती चालताना वर बघते, म्हणून मीही बघतो. रात्री जेवताना हे कुणाला सांगावंसं वाटतं आणि सांगायला समोर तीच असते.

काल सकाळी मी चहा पुढे ठेवला तेव्हा ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघून नुसती हसली. मी थोडा वेळ तिथेच रेंगाळलो, साखर बरोबर आहे का विचारलं. तिनं मान हलवली. हसली तर आहे, असं म्हणून मी कामाला लागलो. गच्चीवर गहू पसरले, पाखरांसाठी जाळी घातली. दुपारी ते पालथे केले. कान दिवसभर खालीच होता.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. पाणी आटून काठ उघडा पडला होता, हवेत भुसा होता, पलीकडच्या कडेला टिटव्या ओरडत होत्या. आम्ही बाकावर बसलो. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि ती बाकाच्या कडेला सरकली. आमच्यामध्ये आणखी एक माणूस बसेल एवढं अंतर पडलं. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "आपण इथलेच का?"

आपण. परक्या माणसाला म्हणतात तसं. "हो," मी म्हणालो. "इथलाच."

"गाव छान आहे तुमचं. बोलकी माणसं आहेत."

"हो."

"आणि तुमच्या मंडळी?" तिनं विचारलं. धारच्या तिच्या माहेरी परक्या गृहस्थाच्या बायकोची चौकशी अशीच करतात. "त्या कुठे असतात?"

"इथेच असते."

"आज बरोबर नाही आणलंत त्यांना?"

नाही म्हणवेना. "आणलंय," मी म्हणालो.

ती काळजीत पडली. तिनं काठावर इकडून तिकडे नजर टाकली. फुगेवाला होता, फिरायला आलेली दोन-चार माणसं होती, बाई एकही नव्हती. "मग इथे माझ्याशी बोलत काय बसलात? जा बरं, बघा आधी कुठे गेल्यात त्या. बाईमाणूस एकटं पडलं की घाबरतं. बोलून दाखवत नाही, पण घाबरतं."

मी उठलो. तिच्या नजरेच्या टप्प्यात राहून काठावरच्या वडापर्यंत गेलो, खोडाला हात लावून उभा राहिलो. चष्मा काढून पुसला. मग परत फिरलो. लांबून मी येताना दिसेन, चाल ओळखेल, असं वाटत होतं. माझी चाल तिनं कित्येकदा थट्टेनं करून दाखवलेली. ती माझ्याकडेच बघत होती. मी अगदी जवळ येईपर्यंत बघत होती.

"भेटल्या का?" तिनं विचारलं.

"भेटली," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदर सावरून तळ्याकडे बघत बसली.